एक गुरुवार आड

एक गुरुवार आड
आई ओरिस्तानोला जायची, सातच्या बसनं.
पर्समध्ये चीज घातलेला पाव, विणायचं काहीतरी,
आणि पोस्टातला रजेचा अर्ज, ज्यावर साहेब
न वाचताच सही करत.

पंधरवडा सरत आला की ती उतरायला लागे.
ओठ जुन्या पाकिटाच्या रंगाचे.
जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबून म्हणे,
'किल्ली सापडत नाहीये.'
किल्ली हातातच असे.

संध्याकाळी परतायची ती गाल रंगवल्यासारखी,
आणि भूक दुसऱ्याच कुणाची तरी घेऊन.
'आज कोळ्याचं मिळालंय बहुतेक,
खारवलेली गाबोळी काप.'
एकदा तर आल्या आल्या फुटबॉलचा सामना लावला
आणि पंचाला अशा शिव्या घातल्या
की बाबा हसता हसता खोकत राहिले.
ऑफसाइड म्हणजे काय, ते तिला कधीच कळलं नाही.

रक्ताचं नातं, म्हणतात.
आईचं ते अख्ख्या सार्डिनियाशी होतं.
रस्त्यात कुणी तांबूस मानेचा धडधाकट माणूस दिसला
की मला कोपरानं ढोसून म्हणायची,
'नमस्कार कर. मामा असेल तुझा.'

आमच्या काब्रासच्या दलदलीत पूर्वी ताप होता.
त्यातून जे तगले, त्यांच्या रक्तात एक गाठ राहिली,
एकेकट्याला न टोचणारी.
आजीकडे एक होती, आजोबांकडे एक.
लग्नाआधी कुणी विचारलं नाही.
होडी होती, दोन खोल्या होत्या, भागलं.

परकं रक्त येताना लोखंड घेऊन येतं.
रक्त झिजतं, लोखंड राहतं.
ते काढायला रात्री पोटाच्या कातडीखाली सुई,
उशाशी चष्म्याच्या डबीएवढा पंप,
आठवड्यातल्या पाच रात्री, चाळीस वर्षं.
टक्.
थोडं थांबून, टक्.
शेजारच्या मुलांना झोपताना समुद्र ऐकू यायचा.
मला हे.

डॉक्टर पिरासबाईंनी पडदा आमच्याकडे वळवला.
चित्रात हृदय काळं होतं.
लोखंडाचे चणे खाल्ले तिनं जन्मभर,
आणि एकही वाया जाऊ दिला नव्हता.
आई वाकून बघत राहिली. म्हणाली,
'भंगारात घातलं तर किती येतील?'
बाई हसल्या नाहीत. मग हसल्या.
मग उठून खिडकी उघडली, जी आधीच उघडी होती.

फेब्रुवारीत गेली. एकोणपन्नास.
पेटी उचलताना मामा (हा खराखुरा मामा) पुटपुटला,
'किती हलकी झालीस गं, बोनारिया.'
मला त्याचा राग आला. अजून आहे.
चाळीस वर्षांचं लोखंड आम्ही चौघं
खांद्यावरून नेत होतो,
आणि ह्याला हलकं लागत होतं.

तिसऱ्या आठवड्यात झोप येईना
म्हणून खणातून पंप काढला, उशाशी ठेवला.
बॅटरी होती.
टक्. टक्.
डोळा लागत होता,
तेवढ्यात तो किंचाळायला लागला.
औषध संपलं की असाच ओरडतो तो.
बाबा दारात येऊन उभे, अनवाणी,
हातात नवी सिरिंज, झोपेतच उचललेली.
दोघंही काही बोललो नाही.
त्यांनी सिरिंज परत ठेवली. कुठे, ते बघितलं नाही मी.

उरलेल्या कुप्या परत करायला गेलो, तो गुरुवार निघाला.
खिडकीजवळच्या खुर्चीत एक मुलगी,
चौदा-पंधराची, मोबाईलमध्ये मान घालून,
वर पिशवी अर्ध्यावर.
परिचारिका ग्रात्सियानं कुप्या मोजून घेतल्या.
दोनदा मोजल्या.
'बस चुकेल तुझी,' म्हणाली.

बस चुकली.
कोपऱ्यावरच्या बेकरीत शिरलो.
बेकरीवाला बाह्या दुमडून पीठ झटकत होता,
आणि कोपराच्या खोबणीत
चिकटपट्टीखाली कापसाचा बोळा,
मधोमध एक तांबडा ठिपका.

'काय देऊ?'
मी दोन पाव मागितले.
त्याच्या हाताकडे बघत उभा राहिलो
आणि सुटे पैसे घ्यायला विसरलो.
रस्ता ओलांडला तरी तो मागून हाका मारत होता.